काळ्या खिडकीतली हिरवी खूण

कोशकार रागावले की त्यांचा आवाज चढत नसे, वाक्ये लांबत. संस्थेत नव्याने आलेली माणसे त्यांच्या त्या मवाळ, तीन-चार उपवाक्यांच्या बोलण्यावर खूश होऊन घरी जात आणि जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणत, "अरेच्चा, म्हणजे ते मला गाढव म्हणाले!" ज्या दिवशी संचालकांनी भर सभेत 'श' या अक्षराचे श्रेय घेतले, त्या दिवशी कोशकार घरी आले, चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पत्नीशी एक वाक्य बोलू लागले. ते वाक्य क्रियापदापर्यंत पोचेतो दूध उतू गेले होते.

"म्हणजे चूक तुमचीच ना?" गॅस बंद करत पत्नी म्हणाली.

हा प्रश्न अन्यायाचा होता, कारण तो बरोबर होता.

प्रकरण असे. संस्थेच्या शब्दकोशाचा अखेरचा खंड, 'श'पासून 'ज्ञ'पर्यंतचा, संगणकावर दोन रूपांत नांदत होता. संगणकाच्या भाषेत त्यांना शाखा म्हणत. 'मूळ' ही कोशकारांची शाखा. तीत प्रत्येक शब्दाला अर्थ, छटा, व्युत्पत्ती आणि आधार. 'सुलभ' ही संचालकांची. तीत प्रत्येक शब्दाला एक ओळ, कारण आजच्या वाचकाला वेळ नाही असे संचालकांचे निरीक्षण होते आणि ते त्यांनी आजच्या एकाही वाचकाला न भेटता केलेले होते. यांतली कोणती शाखा छापायची, हे ठरवण्याचा प्रसंग नियामक मंडळावर आला तेव्हा मंडळाने आपल्या परंपरेला साजेसे धैर्य दाखवून काहीच ठरवले नाही. ठरलेल्या तारखेपर्यंत 'मूळ' शाखा पूर्ण तपासून झाली तर ती छापावी, नाहीतर 'सुलभ' छापावी, असा ठराव झाला. कोशकारांच्या आयुष्यभराच्या कामाचे भवितव्य असे एका तारखेला बांधले गेले.

कोशकार कामाला लागले. त्यांनी सबंध 'श' तपासला. एकेका शब्दाची धूळ झटकली, चुकीचे आधार उपटून काढले, 'शब्द' या शब्दावर तर एक आख्खा आठवडा घालवला. आणि हे सगळे त्यांनी 'सुलभ' शाखेवर केले; तिथली छाटणी 'ज्ञ'कडून सुरू झालेली असल्याने 'श' अजून अख्खाच होता आणि फरक कळायला मार्ग नव्हता. ज्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून हे काम चाले, तिच्यात एक डॉलरचे चिन्ह आणि शेजारी लुकलुकणारी उभी रेघ यांपलीकडे काही नसे. आपण कोणत्या शाखेवर उभे आहोत हे ती खिडकी स्वतःहून सांगत नसे. दुसऱ्याच्या घरात शिरून, ते आपलेच समजून, कोनाकोपरा झाडून-पुसून परत यावे, तसे झाले. सभेत संचालक म्हणाले, "आमच्या 'सुलभ' शाखेतला 'श' किती निर्दोष झालाय, बघा!" टाळ्या पडल्या. सभेचा शिष्टाचार म्हणून कोशकारांनाही वाजवाव्या लागल्या.

मुलगी दूरच्या शहरात संगणकाचेच काम करी. तिने फोनवर ऐकून घेतले आणि ती हसली, हे कोशकारांनी मनात नोंदवून ठेवले. तिने तो 'श' जिथे हवा तिथे आणून ठेवला, म्हणजे कामाचे नुकसान टळले; अपमान मात्र असा उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

"बाबा, काम सुरू करण्याआधी विचारायचं ना, मी कुठे आहे म्हणून. एक आज्ञा असते, दोन शब्दांची."

"मी कुठे आहे, हे मी यंत्राला विचारू?"

"सगळे विचारतात, बाबा."

"सगळे हरवलेले असतील."

इथवर ठीक होते. पण मग तिच्या तोंडून निघून गेले की डॉलरच्या चिन्हाआधीची ती जागा, जिला प्रॉम्प्ट म्हणतात, आपल्याला हवी तशी सजवता येते. शाखेचे नाव तिथे आपोआप दिसू शकते. शिवाय एखादा बदल केला पण त्याची नोंद केली नाही, तर एक चांदणी दिसू शकते. नोंद केली पण ती संस्थेच्या मोठ्या संगणकाकडे पाठवली नाही, तर वर जाणारा बाण. आणि सगळे जिथल्या तिथे असेल तर बरोबरची हिरवी खूण.

कोशकारांनी फोन ठेवून आधी तो शब्द तपासला. प्रॉम्प्ट म्हणजे तत्त्वतः सेवकाने हात जोडून विचारलेले "काय आज्ञा?" इतकेच. तो सेवक आजवर कोणाच्या घरात उभा आहे हे न सांगता आज्ञा मागत होता. या उद्दामपणाचा बंदोबस्त करणे हे कोशाइतकेच, किंबहुना कोशासाठीच, आवश्यक आहे, असे त्यांना वाटले. माणसाला जे करायचेच असते ते आवश्यक ठरवायला विद्वत्तेचा फार उपयोग होतो.

मुलीने चार ओळी लिहून पाठवल्या. "तुमच्याच फायलीत टाकायच्या, बाबा. कुणाची परवानगी लागत नाही."

पण लॅपटॉप संस्थेचा होता आणि कोशकार नियमाने चालणारे होते. ते संगणक कक्षप्रमुखांकडे गेले. कक्षप्रमुखांच्या टेबलावर संगणक नव्हता. होते ते कागदांचे गठ्ठे आणि त्यांवर वजन म्हणून ठेवलेला एक बिघडलेला माउस.

"स्वरूपबदल आहे हा," कक्षप्रमुख म्हणाले. "अर्ज करा."

"फक्त एका ओळीत शाखेचं नाव दिसेल."

"आज नाव दिसेल. उद्या कुणी स्वतःचा फोटो लावेल. सध्याचा प्रॉम्प्ट काय, प्रस्तावित प्रॉम्प्ट काय, बदलाचं कारण काय, आणि रंग असल्यास कोणते, असं चार रकान्यांत द्या. वर संचालकांची सही."

"सध्याच्या प्रॉम्प्टच्या रकान्यात काय लिहू? डॉलर?"

"आकडा लिहू नका म्हणजे झालं. लेखापाल अडवतात."

कोशकारांनी अर्ज लिहिला. तो त्यांच्या गद्यशैलीचा एक उत्तम नमुना होता आणि म्हणूनच बहुधा कोणी वाचला नाही. पहिल्यांदा तो परत आला तो लाल रंगामुळे: नोंद न झालेल्या बदलाची चांदणी लाल असावी असे कोशकारांनी सुचवले होते, आणि लाल शाई वरिष्ठांच्या शेऱ्यांसाठी राखीव आहे असा शेरा, लाल शाईत, मारलेला होता. कोशकारांनी चांदणी पिवळी केली. दुसऱ्यांदा अर्ज परत आला तो "संचालक दौऱ्यावर आहेत" एवढ्या एका वाक्यानिशी. तिसऱ्यांदाही त्याच वाक्यानिशी. वाक्य निर्दोष होते. त्याला व्युत्पत्ती, छटा, आधार, काहीच लागत नव्हते.

दरम्यान घराला सल्ले सुटले. समोरच्या दारात राहणारे निवृत्त वीज-अभियंते, ज्यांना सगळी इमारत फ्यूजकाका म्हणे, ते एका सकाळी वर्तमानपत्र परत करायला आले आणि बसले.

"पिवळी चांदणी?" ते म्हणाले. "चूक. पिवळा म्हणजे सावधान. तुमची परिस्थिती सावधानची आहे की धोक्याची?"

"नोंद करायची राहिली आहे, एवढंच."

"म्हणजे तार उघडी आहे. उघडी तार म्हणजे लाल. मी आख्खं उपकेंद्र चालवलंय, कोशकार. एकदा एका शहाण्याने दिव्याचा रंग बदलला आणि अर्ध्या गावाचे दिवे गेले."

"माझ्या प्रॉम्प्टवर गावाचे दिवे नाहीत."

"तेव्हा त्यालाही असंच वाटलं होतं," फ्यूजकाका म्हणाले आणि उरलेले वर्तमानपत्र वाचायला घेतले.

रविवारी पत्नीचा भाऊ आला. हा मेहुणा प्रिंटर विकण्याचा व्यवसाय करी आणि त्यामुळे विजेवर चालणाऱ्या यच्चयावत वस्तूंवर आपला अधिकार मानी.

"भावोजी, एवढ्याशा कामाला अर्ज कसले करताय? द्या इकडे. मी बसवतो." त्याने खुर्ची ओढली. "नुसतं शाखेचं नाव दाखवून काय उपयोग? वेळ दाखवा, तारीख दाखवा, बॅटरी दाखवा, बाहेरचं तापमान दाखवा."

"तापमान कशाला?"

"असू द्या हो. दिसलेलं काय वाईट?"

"ताई," त्याने आत हाक मारली, "भावोजींना प्रगती नको आहे!"

"त्यांना चहा हवा आहे का ते विचार," आतून उत्तर आले.

कोशकारांनी नकार दिला नाही. नियमानुसार अर्ज केलेला असताना नियमबाह्य बदल स्वतः करणे अनुचित. परंतु घरी आलेल्या पाहुण्याला रोखणे त्याहून अनुचित, अशी त्यांनी मनाशी संगती लावली. मेहुण्याने तासभर ठोकाठोक केली. चहा झाल्यावर तो, "आता बघा गंमत," म्हणून निघून गेला.

गंमत लगेच दिसू लागली. प्रॉम्प्ट आता इतका लांब झाला होता की आज्ञेसाठी ओळीच्या शेवटी बोटभर जागा उरे. त्यातून रंगांच्या खुणा टाकताना मेहुणा कुठेतरी कंस घालायचे विसरला होता. त्यामुळे यंत्राचा ओळीच्या लांबीचा हिशेब चुकला आणि लांब आज्ञा टाइप केली की ती पुढच्या ओळीवर न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीला येऊन आधीच्या अक्षरांवर चढे. आपणच लिहिलेले आपल्याच डोळ्यांदेखत आपल्यावर चढून बसते हा अनुभव कोशकारांना सभांचे इतिवृत्त वाचताना नेहमी येई. पण तो यंत्रातही मिळेल असे त्यांना वाटले नव्हते. बाहेरचे तापमान शून्याखाली एकवीस दिसत होते. पत्नी खिडकीजवळ वाळत घातलेले कपडे काढत होती आणि घामाघूम झाली होती.

ते सगळे उपटून कोशकारांनी मुलीच्या मूळ चार ओळी घातल्या. अर्ज अजून दौऱ्याच्या वाटेवरच होता, तरीही घातल्या. नियम मोडण्याची एकदा सुरुवात नातेवाइकाने करून दिली की पुढचे सोपे जाते.

आता शाखेचे नाव दिसू लागले: 'मूळ'. कोशकार त्या दोन अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिले. पण दर वेळी एंटर दाबले की प्रॉम्प्ट परत यायला भलताच वेळ लागे. एकदा एंटर दाबून ते दाराची घंटी वाजली म्हणून गेले, फ्यूजकाकांना वर्तमानपत्र दिले, उघड्या तारेवरचे प्रवचन ऐकले, परत आले, तरी खिडकी काळीच.

"बाबा, चांदणी दाखवायची की नाही हे ठरवायला तो दर वेळी सगळ्या फायली तपासतो," मुलगी म्हणाली. "शब्दांच्या चिठ्ठ्यांचे हजारो फोटो आहेत ना त्या फोल्डरमध्ये?"

"म्हणजे प्रत्येक एंटरला तो सबंध कोश पाहतो?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत."

कोशकारांना यंत्राविषयी प्रथमच आदर वाटला. त्यांच्या कोशाचे इतके नियमित वाचन करणारे जगात दुसरे कोणी नव्हते. तरी चिठ्ठ्यांचे फोटो वगळायला त्यांनी त्याला सांगितले, कारण तारीख जवळ आली होती आणि 'ह' अजून बाकी होता.

'ह' झाला, 'ळ' झाला, 'क्ष' आणि 'ज्ञ' झाले. सगळ्याची नोंद झाली, सगळे संस्थेकडे पाठवून झाले. मंडळाने दिलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी कोशाचे काम संपले. आयुष्याचे काम संपले की माणसाने काय करावे, याचा उल्लेख कोशात कुठे नाही. कोशकारांनी प्रॉम्प्ट पुन्हा उघडला.

कारण एक गोष्ट त्यांना खुपत होती. चांदणीच्या जागी चांदणी नव्हे, एक रिकामी चौकट दिसे. तेवढी आकृती त्या लिपीच्या संचात नव्हती. त्यांनी ती बदलून कळफलकावरची साधी, फुलीसारखी चांदणी घातली. मग ते उमटते का हे पाहायला कोशात काहीतरी बदल करणे भाग होते. बदल केल्याशिवाय चांदणी उगवणार कशी? आधी त्यांनी एका नोंदीत एक स्वल्पविराम वाढवला, पण चाचणी म्हणून का होईना, नको असलेला स्वल्पविराम त्यांना डोळ्यासमोर पाहवेना; तो त्यांनी लगेच काढला. तेवढ्यात संस्थेचा शिपाई एक लिफाफा देऊन गेला. आत त्यांचा अर्ज होता. त्यावर लिहिले होते: "संचालक दौऱ्यावर आहेत."

कोशकारांनी लिफाफा नीट घडी घालून बाजूला ठेवला. मग त्यांनी कोशातली 'संचालक' ही नोंद उघडली. "संस्थेचा कारभार पाहणारा मुख्य अधिकारी" हा तिथला अर्थ त्यांनी पुसला आणि त्या जागी, आयुष्यात प्रथमच एका झटक्यात, उपवाक्याविना लिहिले:

"संचालक (पु.) : संस्थेतील सर्वांत मोठी खुर्ची अडवणारी आणि ती रिकामी ठेवणारी व्यक्ती. उदा. 'संचालक दौऱ्यावर आहेत.'"

एंटर. प्रॉम्प्टमध्ये चांदणी उगवली. फारच सुंदर उगवली. त्यांनी बदलाची नोंद केली. चांदणी गेली, वर जाणारा बाण आला. बाणही तपासायला हवा, म्हणून त्यांनी नोंद संस्थेकडे पाठवली. बाण गेला, हिरवी खूण आली. सगळे यथास्थित चालत होते. समाधानाने त्यांनी तो पराक्रम पुसून मूळ अर्थ जसाच्या तसा परत लिहिला, त्याचीही नोंद केली, आणि बाण पुन्हा वर तोंड करून उभा राहिला.

या खेपेस कोशकारांचे त्याच्या तोंडाकडे लक्ष गेले. त्यांनी मुलीला फोन लावला.

"हा बाण वरच का?"

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे."

"तू बाण वरच का काढलास, एवढंच विचारतोय."

"मी नाही काढला. तशीच पद्धत आहे. संस्थेचा संगणक वरच्या अंगाला मानतात, प्रवाहाच्या वर. आपण पाठवतो ते वर जातं."

"म्हणजे संस्था उगमाला आणि मी उताराला?"

"बाबा, ते फक्त चिन्ह आहे."

"चिन्ह कधीच 'फक्त' नसतं. शब्द इथे, या टेबलावर जन्मतात. तिथे त्यांच्यावर शिक्के बसतात. उगम कुठला?"

"उगम तुमचा. ठेवू आता?"

कोशकारांनी फोन ठेवला. खाली गुडघे टेकून वर अर्ज करणारा तो बाण त्यांच्या प्रॉम्प्टमध्ये क्षणभरही राहू देणे हा स्वाभिमानाचा प्रश्न होता. त्यांनी बाणाची ओळ शोधून काढली आणि पुसली. फाइल बंद केली, खिडकी पुन्हा उघडली.

तिथे आता लिहिले होते: 'मूळ', आणि पुढे एक स्वच्छ, हिरवी, बरोबरची खूण. चांदणी नाही, बाण नाही, कोणतीही तक्रार नाही.

"अहो, इकडे या," त्यांनी पत्नीला बोलावले.

पत्नीने चष्मा लावून पाहिले. "बरोबर केलंय असं म्हणतोय का तो?"

"तो म्हणतो, काहीही राहिलेलं नाही."

"झोपताना असं कुणी मला म्हटलं तर बरं वाटेल," पत्नी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी छापखान्याने संस्थेच्या संगणकावरून 'मूळ' शाखा उचलली.

पुढचे महिने कोशकार चालताना जरा सरळ चालत. कोशकारांनी पिवळी चांदणी हट्टाने ठेवली तरी गावात दिवे आहेत, हे फ्यूजकाकांनी मोठ्या मनाने मान्य केले. मेहुण्याने चार ठिकाणी सांगितले की भावोजींची सिस्टीम आपणच बसवून दिली. आणि मग प्रकाशन-समारंभाचा दिवस आला.

सभागृहात व्यासपीठावर लाल फीत बांधलेले खंड रचले होते. कोशकारांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली, कडेची, खांबामागची. त्यांच्या हाती एक प्रत देण्यात आली. संचालक बोलायला उभे राहिले. दौऱ्यावरून ते खास या समारंभासाठी आले होते, असे सूत्रसंचालिकेने दोनदा सांगितले. संचालकांनी खंड दोन्ही हातांत तोलला आणि म्हणाले, "जड आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. 'मूळ' शाखेची निवड ही आपलीच दूरदृष्टी होती, हेही त्यांनी सांगितले. कोशकारांनी या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्यांचे हात पाने उलटत होते. आपले पुस्तक हाती आले की लेखक ते कुठे उघडतो, याला काही नियम नाही; बोटे आपण होऊन जातात. कोशकारांची बोटे 'स'वर गेली, 'संच'वर गेली, आणि थांबली.

"संस्थेतील सर्वांत मोठी खुर्ची अडवणारी आणि ती रिकामी ठेवणारी व्यक्ती."

आधी त्यांना वाटले, आपण मनात वाचतो आहोत. मग त्यांना तो बाण आठवला. वर तोंड करून उभा असलेला, तो बिचारा त्या दुपारी एकच गोष्ट सांगत होता की तुमची दुरुस्ती अजून तुमच्याच टेबलावर आहे, पाठवा. आणि त्यांनी उत्तरादाखल त्यालाच पुसले होते. हिरवी खूण खोटे बोलली नव्हती. बोलणाऱ्याची जीभ कापल्यावर जे शांत वाटते, ते तिने दाखवले होते.

शेजारी बसलेल्या पत्नीने प्रत ओढून घेतली, ओळ वाचली, आणि पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलू लागले. रडते आहे असे समजून मागच्या रांगेतल्या बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आता प्रमुख पाहुणे उभे राहिले होते. "मी पाहुणा म्हणून एक परंपरा पाळतो," ते म्हणाले. "कोशाचं कुठलंही पान उघडायचं आणि मोठ्याने वाचायचं. ईश्वरेच्छा!" त्यांनी खंड उघडला. "वा! 'संचय'. साठा, संग्रह, पाहा, किती सुंदर विवेचन आहे..." त्यांनी 'संचय' वाचला, आधारांसह. मग 'संचार' वाचला. सभागृह माना डोलावत होते. "आणि आता पुढचा शब्द तर," पाहुण्यांचे डोळे चमकले, "आपल्या सर्वांच्या परिचयाचा!"

कोशकारांनी डोळे मिटले. आपल्या निवृत्तीचे, चौकशी समितीचे आणि बहुधा त्या समितीत चहा देणाऱ्या शिपायाचेही चित्र त्यांच्यासमोरून गेले.

"क्षमा करा," संचालकांचा आवाज आला. त्यांनी घड्याळाकडे पाहत माइक हाती घेतला होता. "मला निघायला हवं. दौरा आहे."

सगळे उभे राहिले. खंड मिटला.

कोशकार वाट पाहू लागले. आज ना उद्या कोणीतरी तो शब्द उघडेल. संस्थेतला कोणी, एखादा प्राध्यापक, एखादा शत्रू तरी. वर्तमानपत्रांत परीक्षणे आली: "अमोल ठेवा", "प्रत्येक घरी असावा असा खंड". त्यांतली सगळी वाक्ये मलपृष्ठावरची होती. संस्थेने प्रती काचेच्या कपाटात ठेवल्या आणि कपाटाला कुलूप लावले. मेहुण्याने एक प्रत मागून नेली आणि तिच्यावर दुकानातला प्रिंटर ठेवला. उंची नेमकी जमली, असे त्याने कळवले. फ्यूजकाकांना कोशकारांनी स्वतः 'स'चे पान उघडून दिले.

"छपाई स्वच्छ आहे," फ्यूजकाका म्हणाले.

"अहो, सुटलात," पत्नी म्हणाली. "कुणाच्याही लक्षात आलं नाही. आणखी काय हवं तुम्हाला?"

कोशकारांना काय हवे होते, ते उच्चारायला लाज वाटावी असे होते. भीतीच्या त्या पहिल्या आठवड्यांत ते रोज टपाल घाबरत उघडत. आता ते रोज आशेने उघडू लागले होते. नोकरी शाबूत राहिली होती, कारण त्यांच्या आयुष्याचे काम कोणी उघडत नव्हते. अपराध लपवायला याहून सुरक्षित जागा जगात नव्हती. आणि ती त्यांनी स्वतः, अक्षर अक्षर जुळवून, बांधली होती.

शेवटी त्यांना राहवले नाही. त्यांनी संस्थेला पत्र लिहिले: अखेरच्या खंडात 'संचालक' या नोंदीत अत्यंत गंभीर, संस्थेच्या प्रतिष्ठेला बाधक आणि अक्षम्य असा प्रमाद घडलेला असून, तो प्रस्तुत कोशकाराच्याच हातून घडला आहे, तरी संबंधितांनी ती नोंद कृपया वाचावी. 'वाचावी' या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली. खाली पृष्ठक्रमांक दिला, स्तंभ दिला, वरून कितवी ओळ तेही दिले. वाक्य फार लांब झाले होते. पण मनापासून रागावले होते ते.

उत्तर आले. संस्थेचे चिन्ह, जावक क्रमांक, गोल शिक्का, आणि मध्ये एक वाक्य:

"आपले पत्र मिळाले. संचालक दौऱ्यावर आहेत."

कोशकारांनी ते वाचले, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू मोडल्या. त्यांनी मुलीला फोन केला.

"समारंभानंतर तू म्हणालीस ना, माझ्या टेबलावर अजून एक दुरुस्ती न पाठवलेली पडून आहे?"

"हो, बाबा. संकेतस्थळावरचा कोश संस्थेकडच्या 'मूळ' शाखेतूनच निघतो. पाठवून टाका की, एका ओळीचं काम आहे. कुणाला कळणारही नाही."

"कळणार नाही, हे मात्र खरं."

त्यांनी काळी खिडकी उघडली. 'मूळ', हिरवी खूण. त्यांनी आधी फाइल उघडून बाणाची ओळ परत घातली. बाण लगेच उगवला, वर तोंड करून, जणू तो इतके महिने दाराबाहेरच उभा होता. मग त्यांनी 'संचालक' ही नोंद उघडली. तिथे त्यांची ती दुरुस्ती होती: "संस्थेचा कारभार पाहणारा मुख्य अधिकारी." कोशकारांनी तिच्याकडे न्यायाधीशाच्या नजरेने पाहिले. या अर्थाला कोणता आधार होता? कागदपत्रे चाळली, स्मृती चाळली. एकही अस्सल प्रयोग सापडेना. आधाराशिवाय अर्थ छापायचा नाही, हे तत्त्व त्यांनी आयुष्यभर पाळले होते.

त्यांनी ती ओळ पुसली, छापलेला अर्थ शब्दशः परत लिहिला, आणि उदाहरणाच्या पुढे, ठरलेल्या पद्धतीने, आधार दिला: संस्थेचे पत्र, जावक क्रमांक, दिनांक.

चांदणी उगवली. नोंद केली, चांदणी गेली. मग त्यांनी पाठवण्याची आज्ञा टाइप केली, एंटर दाबले आणि बाण वर जाताना पाहत, खुर्चीत मागे रेलून, पत्नीला हाक मारली.

"अहो, चहा ठेवा. कोश आता पूर्ण झाला."